रोज अंगावर बाळगायचं रिव्हॉल्व्हर: बॅरल किती इंची घ्यायचं?

रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं की नवीन माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, दोन इंची घेऊ, तीन इंची की चार. आणि बहुतेक वेळा त्याला समोरून उत्तर येतं की जेवढं छोटं तेवढं लपायला सोपं, घे दोन इंची आणि मोकळा हो. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. छोट्या बॅरलचं, म्हणजे छोट्या नळीचं, रिव्हॉल्व्हर चालवायला सगळ्यात अवघड असतं आणि तेच नवशिक्याच्या हातात दिलं जातं. म्हणून खाली क्रमाने सांगतो की लांबी ठरवताना आधी काय बघायचं, मग काय, आणि शेवटी रेंजवर जाऊन स्वतःच खात्री कशी करून घ्यायची.

सगळ्यात आधी कायदा. तुम्ही जिथे राहता तिथला परवाना, सोबत बाळगायची वेगळी परवानगी, आणि कुठल्या जागी नेता येत नाही, हे सगळं लेखी वाचून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. काही देशांत बॅरलच्या लांबीवरच नियम आहेत. कॅनडात १०५ मिलिमीटर किंवा त्यापेक्षा कमी बॅरलची हँडगन निषिद्ध वर्गात जाते. रुगर कंपनीच्या काही मॉडेलचं बॅरल सरळ ४ इंच नसून ४.२ इंच असतं ना, ते मिलिमीटरमध्ये १०६.७ होतं, म्हणजे या मर्यादेच्या जेमतेम वर. ४ इंची म्हणजे १०१.६, ते आत अडकतं. तेव्हा आवडीनिवडी नंतर, नियम आधी.

लांबी मोजतात कशी ते समजून घ्या

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. रिव्हॉल्व्हरचं बॅरल मोजताना सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, धरत नाहीत, सिलिंडरच्या पुढच्या तोंडासमोर बॅरल जिथे सुरू होतं तिथपासून मझलपर्यंतच, म्हणजे गोळी बाहेर पडते त्या तोंडापर्यंतच, मोजतात. पिस्तुलात मात्र काडतूस बसतं तो चेंबर बॅरलमध्येच असतो आणि तो मोजमापात धरला जातो. त्यामुळे ३ इंची पिस्तूल आणि ३ इंची रिव्हॉल्व्हर हे शेजारी ठेवलं तर रिव्हॉल्व्हर चांगलंच लांब दिसतं, कारण त्याच्या ३ इंचामागे अख्खा सिलिंडर उभा आहे. पिस्तुलाच्या अंदाजाने रिव्हॉल्व्हरची साइज ठरवू नका.

बाजारात साधारण तीन गट दिसतात. पहिला दोन इंचाच्या आसपासचा, ज्याला स्नबी किंवा स्नबनोझ म्हणतात. स्मिथ अँड वेसनच्या जे-फ्रेमचं (त्यांचा छोटा सांगाडा) बॅरल १.८७५ इंच, रुगर एलसीआरचं १.८७ इंच, एसपी१०१ चं २.२५ इंच. दुसरा अडीच ते तीन इंचाचा. तिसरा चार इंचाचा. सहा इंची वगैरे रोजच्या वापरासाठी नाहीच, ते शिकारीला आणि नेमबाजीला.

कोल्टने डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ साली काढलं, दोन इंची बॅरल आणि सहा गोळ्या. नंतर १९५० साली स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल आलं, पाच गोळ्यांचं आणि त्याहून बारीक, आणि आजही रोज बाळगायच्या छोट्या रिव्हॉल्व्हरची ठेवण साधारण तीच आहे. तीन इंचीलाही चांगला इतिहास आहे, ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने एजंटांना स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १३ दिलं ते तीन इंची होतं. रोज कोटाखाली बाळगणाऱ्या आणि नियमितपणे नेमबाजीची परीक्षा द्यावी लागणाऱ्या माणसांसाठी ती लांबी निवडली गेली, हे नवीन माणसाने लक्षात घ्यावं.

आधी जागा ठरवा, लांबी नंतर

रिव्हॉल्व्हर अंगावर नेमकं कुठे राहणार हे ठरल्याशिवाय इंचांची चर्चा करण्यात काही अर्थ नाही.

खिशात ठेवणार असाल तर विषय संपला, दोन इंचाच्या वर जाता येत नाही, आणि तेही हलकं आणि हॅमर (मागचा घोडा) आत झाकलेलं हवं, कारण बाहेर आलेला हॅमरचा काटा खिशाच्या शिवणीत अडकतो. स्मिथ अँड वेसनचं ६४२ याच कामासाठी आहे, रिकामं वजन साधारण ४०८ ग्रॅम. खिशात ठेवताना पॉकेट होल्स्टर, म्हणजे खिशात बसणारं म्यान, पाहिजेच आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ली नाही, पेन नाही, सुट्टे पैसे नाहीत, कारण ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, काय शिरेल याचा भरवसा नसतो. घोट्याला बांधणार असाल तरी हेच, दोन इंची.

कमरेला बाळगणार असाल तर मात्र चित्र बदलतं, आणि हा मुद्दा मी जरा घोळवून सांगतो कारण इथेच लोक उगाच छोट्या बॅरलकडे वळतात. पँटच्या आत होल्स्टर घातलं की बॅरल पँटच्या आत जातं, ते कोणाला दिसत नाही. दिसते ती ग्रिप म्हणजे मूठ, आणि फुगतो तो सिलिंडर. जे-फ्रेमचा सिलिंडर साधारण ३३ मिलिमीटर जाड, त्याहून मोठ्या के-फ्रेमचा ३७ च्या आसपास, एल-फ्रेमचा ४० च्या जवळ. एकाच फ्रेमचं दोन इंची घ्या नाहीतर तीन इंची, ही जाडी तीच राहते आणि ग्रिपही तीच राहते. म्हणजे बॅरलमधला एक इंच कमी करून लपवण्याच्या बाबतीत हाताला जवळपास काही लागत नाही. लपवायचं असेल तर ग्रिप छोटी करा, फ्रेम छोटी घ्या.

उलट कधी कधी लांब बॅरल जास्त चांगलं लपतं. रिव्हॉल्व्हरचं बरंचसं वजन सिलिंडरमध्ये असतं आणि सिलिंडर पट्ट्याच्या वर किंवा पट्ट्यालगत येतो. बॅरल अगदी छोटं असलं की पट्ट्याच्या खाली धरून ठेवायला काहीच नसतं, मग वरचा भाग बाहेरच्या बाजूला कलतो, ग्रिप पोटापासून सुटते आणि शर्टवर उभा फुगवटा येतो. तीन इंची बॅरल पट्ट्याखाली अंगाला टेकून राहतं आणि तरफेसारखं काम करून ग्रिप आत ढकलतं. हे वाचून पटणार नाही, आरशासमोर दोन्ही लावून बघितल्यावर लगेच पटतं.

चार इंचीची अडचण उभं राहताना नसते, बसताना असते. पुढे पोटाजवळ लावलं तर वाकताना आणि गाडीत बसताना मझल जांघेत टोचतं, आणि मझल कुठल्या दिशेला आहे हा विचार तर डोक्यातून जातच नाही. उजव्या बाजूला पट्ट्याबाहेर लावलं तर खुर्चीच्या बैठकीवर बॅरल टेकतं आणि आख्खं होल्स्टर वर ढकललं जातं, वरचा शर्ट उचलला जातो. दिवसातले सात-आठ तास बसून काम असेल तर चार इंची तुम्ही दोन आठवड्यांत घरी ठेवायला लागाल. उभ्याचं काम असेल, लांब जॅकेट घालत असाल, तर चार इंचीसारखं सुख नाही.

छोट्या बॅरलची किंमत कशाकशात मोजावी लागते

पहिली किंमत नेमाची. बॅरल लहान म्हणून गोळी वाकडी जाते असं नाही, रिव्हॉल्व्हर शिकंजात बांधून झाडलं तर दोन इंची पण व्यवस्थित एका जागी गोळ्या टाकतं. चूक माणसाची होते, आणि ती चूक छोट्या बॅरलवर मोठी होते. नेम धरायची मागची साइट आणि पुढची साइट यांच्यातलं अंतर समजा १०० मिलिमीटर आहे आणि तुमची पुढची साइट १ मिलिमीटर सरकली. सात मीटरवर गोळी ७० मिलिमीटर बाजूला लागते. हेच अंतर १५० मिलिमीटर असेल तर तीच १ मिलिमीटरची चूक ४७ मिलिमीटरवर येते. लक्ष्याचं अंतर दुप्पट केलंत की दोन्ही आकडे दुप्पट.

त्यात ट्रिगर धरा. डबल ॲक्शन ट्रिगर, म्हणजे हॅमर आधी मागे न ओढता नुसता ट्रिगर, ओढायला साधारण ५ किलोच्या आसपास जोर लागतो, आणि रिव्हॉल्व्हरचं वजन ४०० ग्रॅम. वजनाच्या दहापटीहून जास्त जोर तुम्ही एका बोटाने लावताय आणि बाकीच्या हाताने ते हलू द्यायचं नाहीये, हे सोपं काम नाही. पुढे वजन असलेलं तीन किंवा चार इंची रिव्हॉल्व्हर तिथल्या तिथे थांबतं, स्नबीचं नाक डुगडुगतं. म्हणूनच मी नवीन लोकांना स्नबी पहिलं म्हणून देऊ नका असं परत परत म्हणतो, त्यावर शिकणारा माणूस ट्रिगरलाच घाबरायला लागतो.

दुसरी किंमत रिकाम्या पुंगळ्यांची, आणि ही दुकानात कोणी सांगत नाही. सिलिंडर उघडून पुढचा इजेक्टर रॉड दाबला की पुंगळ्या मागे ढकलल्या जातात. हा रॉड बॅरलच्या खाली असतो, म्हणजे बॅरल जितकं लहान तितका रॉड लहान. .३८ स्पेशल या काडतुसाची केस (पुंगळी) २९.३ मिलिमीटर लांब, .३५७ मॅग्नमची ३२.८. दोन इंची रिव्हॉल्व्हरचा रॉड तेवढा सरकतच नाही, पुंगळ्या अर्ध्याहून जास्त बाहेर येतात आणि शेवटचा भाग तिथेच लटकतो. मझल आकाशाकडे करून रॉडवर तळहाताने एकदाच जोरात, झटक्यात मारलं तर वजनाने आणि वेगाने बाहेर पडतात, पण हळूच दाबलं की एखादी पुंगळी इजेक्टरच्या चांदणीखाली (पुंगळ्यांच्या कडा धरून ढकलणारा ताऱ्यासारखा भाग) सरकते आणि मग सिलिंडर ना बंद होतो ना पुंगळी निघते, नखाने खरवडत बसावं लागतं. बऱ्याच तीन इंची मॉडेलमध्ये पूर्ण लांबीचा रॉड बसतो. फक्त याच कारणासाठी मी एक इंच जास्त घेईन. घेताना दुकानात रिकाम्या सिलिंडरचा रॉड शेवटपर्यंत दाबून चांदणी किती बाहेर येते ते डोळ्यांनी बघा, ३ इंची आहे म्हणून रॉड पूर्णच असेल असं गृहीत धरू नका.

तिसरी किंमत वेगाची. .३८ स्पेशलमध्ये दोन इंची आणि चार इंचीत ढोबळ मानाने सेकंदाला १०० फुटांच्या आसपास फरक पडतो, .३५७ मध्ये २०० फूट किंवा जास्तही. काडतुसांच्या खोक्यावर छापलेला वेग बहुतेक वेळा चार इंची किंवा त्याहून लांब टेस्ट बॅरलचा असतो, तुमच्या स्नबीतून तो मिळणार नाही. याचा खरा परिणाम होलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळीवर होतो, वेग कमी पडला की ती लागल्यावर उमलतच नाही. म्हणून छोट्या बॅरलसाठी वेगळी काडतुसं बनवतात, स्पीअरचं १३५ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल हे त्यातलं एक, दोन इंची बॅरलमधून ८६० फूट वेगासाठी बनवलेलं. पण वेगाचा फार बाऊ करू नका. सिलिंडर आणि बॅरल यांच्यामधल्या फटीतून गॅस निसटतो, ती फट प्रत्येक नगात थोडी वेगळी असते, त्यामुळे एकाच मॉडेलच्या एकाच लांबीच्या दोन रिव्हॉल्व्हरमध्येसुद्धा वेगात फरक पडतो. तीन की चार हा निर्णय वेगावरून घेऊ नये. (त्या फटीवरून आठवलं, पुढच्या हाताची बोटं सिलिंडरच्या बाजूला किंवा पुढे कधीच आणू नका, तिथून निघणारा गॅस बोट फाडतो. पिस्तूल धरायची सवय असलेल्यांनी हे विशेष सांभाळा.)

काडतूस आणि लांबी जोडीने ठरवा

.३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं, .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ चालत नाही, हे माहीत असेलच. त्यामुळे लोक म्हणतात .३५७ घेऊन ठेवू, दोन्ही होतील. तीन इंची आणि पोलादी फ्रेम असेल, उदाहरणार्थ ७६५ ग्रॅमचं एसपी१०१, तर ठीक आहे. पण ४०० ते ५०० ग्रॅमच्या दोन इंचीतून .३५७ झाडलंत तर हाताला जबर झटका, डोळ्यासमोर आगीचा गोळा, बंद खोलीत कान बधिर, आणि त्या बदल्यात वेग बराचसा वाया गेलेला. दुसरी गोळी नेमाने मारायला वेळ जास्त लागतो तो वेगळाच. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये अजून एक भानगड होते, झटक्याने बाकीच्या काडतुसांमधल्या गोळ्या केसमधून पुढे सरकतात आणि सिलिंडरच्या बाहेर डोकावल्या की सिलिंडर फिरतच नाही. म्हणून दोन इंचीसाठी .३८ स्पेशल, आणि हात नाजूक असेल तर १४८ ग्रेनचं वॉडकटर. त्याला झटका कमी आणि बोथट तोंडामुळे ते उमलण्यावर अवलंबून नसतं.

आता स्वतःवर करून बघायची परीक्षा

जमल्यास विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने किंवा ओळखीच्या प्रशिक्षकाकडून दोन इंची, तीन इंची आणि चार इंची मिळवा, शक्यतो एकाच काडतुसाचं. कान-डोळ्यांना संरक्षण लावा. ए४ कागद आडवा अर्धा दुमडा, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटरचा तुकडा होतो, तो सात मीटरवर लावा. हॅमर मागे न ओढता, फक्त ट्रिगर ओढून, हळूहळू पाच गोळ्या. पाचही कागदावर बसल्या तर त्याच रिव्हॉल्व्हरने परत पाच, पण या वेळी जरा वेग वाढवून. मग एका हाताने. प्रत्येक रिव्हॉल्व्हरसाठी वेगळा कागद ठेवा आणि मागे लांबी लिहा.

घरी आल्यावर कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. चार इंचीचा आणि तीन इंचीचा कागद जवळपास सारखा असेल आणि दोन इंचीच्या गोळ्या कागदाबाहेर असतील, तर तुमचं उत्तर तीन आहे. चार इंचीवरच गोळ्या बाहेर असतील तर बॅरलचा दोष नाही, ट्रिगर शिकायचा आहे, तेव्हा खरेदी थोडी पुढे ढकला आणि प्रशिक्षकाकडे जा. खूप लोकांना हे आवडत नाही पण पैसे टाकून हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी परीक्षा कपड्यांची. रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं, सिलिंडर उघडून डोळ्यांनी आणि बोटाने प्रत्येक चेंबर तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग होल्स्टर लावून रोज घालता तेच कपडे घाला. खुर्चीत बसा, बुटाची लेस बांधा, वरच्या फळीवरची वस्तू काढा, गाडीत बसून सीटबेल्ट लावा. कुठे टोचतं, कुठे शर्ट वर जातो ते बघा. त्यानंतर होल्स्टरमधून बाहेर काढून बघा, मझल पूर्ण बाहेर यायला कोपर किती वर न्यावं लागतं ते. चार इंचीला हात बराच वर जातो, आणि खांदा दुखरा असेल किंवा हात आखूड असतील तर तो फरक जाणवतो. बसल्या जागी काढून बघायला विसरू नका. होल्स्टर असं घ्या की ट्रिगर गार्ड पूर्ण झाकला जाईल, आणि पट्टा जाड, कडक. ढिल्या पट्ट्यावर कुठलंही रिव्हॉल्व्हर जड आणि मोठंच वाटतं.

मग मी काय घ्यायला सांगेन

पहिलंच रिव्हॉल्व्हर, कमरेला बाळगायचं, .३८ किंवा .३५७: तीन इंची, छोटी किंवा मध्यम पोलादी फ्रेम. रुगरचं एसपी१०१, किंबरचं के६एस, कोल्टचं किंग कोब्रा, ही सगळी तीन इंचीत मिळतात. सराव भरपूर करता येतो, हात दुखत नाही, पुंगळ्या नीट पडतात आणि बसल्यावर टोचत नाही.

खिशाशिवाय दुसरा पर्यायच नाही, कपडे तसेच आहेत, कामाच्या जागी शर्ट खोचावा लागतो, तर दोन इंची घ्या, पण मग सरावाला दुप्पट वेळ द्यायची तयारी ठेवा. छोट्या बॅरलचा एक खरा फायदाही आहे, कोणी अगदी अंगाशी भिडलं तर समोरच्याला पकडायला बॅरल फार कमी मिळतं आणि अरुंद जागेत ते पटकन बाहेर येतं. हलकं असल्यामुळे माणूस कंटाळून घरी ठेवत नाही, हाही मुद्दा मी मान्य करतो.

चार इंची त्यांच्यासाठी ज्यांचं एकच रिव्हॉल्व्हर असणार आणि तेच घरासाठी, रेंजसाठी आणि कधीमधी बाहेर न्यायला वापरायचं. घरात ठेवताना मात्र कुलपात, लहान मुलं असोत नसोत.

घेतल्यानंतरचं एक काम राहतं. छोट्या रिव्हॉल्व्हरच्या साइट बहुतेक फिक्स असतात आणि .३८ मध्ये त्या साधारणपणे १५८ ग्रेनच्या गोळीच्या हिशोबाने बसवलेल्या असतात. हलकी आणि वेगवान गोळी बॅरलमधून लवकर निघून जाते, झटक्याने मझल वर उचललं जायच्या आत, म्हणून ती खाली लागते. ११० ग्रेनची घेतलीत तर सात मीटरवरही हे दिसू शकतं. तेव्हा रोज जी काडतुसं भरणार आहात त्याचाच एक डबा रेंजवर संपवा, पाच-पाच गोळ्यांचे गट मारून बघा कुठे बसतात, आणि सगळे गट नेमाच्या खाली जात असतील तर साइटला कानस लावण्याआधी जड गोळी घेऊन बघा.